ग्रानाडाची प्रार्थना, पेताह तिक्वाचं गिटार

‘ऑर्फन्ड लँड’च्या ‘माबूल’ या अल्बमबद्दल जे काही माझ्या वाचनात आलं, त्यात फिरून फिरून तीच वाक्यं सापडतात. इस्रायलचा बँड, तीन धर्मांच्या एकीची कथा, पूर्वेची वाद्यं आणि पश्चिमेचं मेटल यांचा संगम. यात खोटं काही नाही. पण संगम म्हटला की दोन नद्या तोवर आपापल्या वाटेने वाहत होत्या असं धरून चालावं लागतं, आणि माझं घोडं तिथेच अडतं. ‘ऑर्फन्ड लँड’ने २००४ साली जे केलं, ते ज्यू लोक निदान हजारभर वर्षं करत आले आहेत. देवाचे शब्द आपले, चाल शेजाऱ्याची. या खेपेचा शेजारी ‘ब्लॅक सॅबथ’वाल्या बर्मिंगहॅमचा निघाला, एवढंच.

मी ठाण्याचा, बेने इस्राएल, म्हणजे कोकणातला मराठी ज्यू. शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून कोकणात ज्यांना ‘शनवार तेली’ म्हणत, त्यांच्यातला. घाणा आता कुणाकडे नाही; मी कार्यक्रमांना साउंड लावतो. रविवारी सकाळी अभंगवाणी, रात्री एखाद्या पबमध्ये पोरांचा मेटल बँड. रंगभवनला ‘इंडिपेंडन्स रॉक’ ऐकत वाढलेल्या पिढीतला असल्यामुळे त्या आवाजाशी माझी जुनी दोस्ती आहे. ‘माबूल’ माझ्याकडे एका मित्राने कॉपी करून दिलेल्या सीडीवर आला. आठवं गाणं लागलं आणि मी ते थांबवून पुन्हा पहिल्यापासून लावलं. त्यातले शब्द मला पाठ होते.

गाण्याचं नाव ‘नोरा एल नोरा’. शब्द आहेत ‘एल नोरा अलीला’ या प्रार्थनागीताचे. योम किप्पूरच्या उपासाला शेवटची प्रार्थना असते ती नेइला. सूर्य बुडत असतो, स्वर्गाची दारं मिटायला आलेली असतात, आणि त्या घटकेला हे गीत म्हणायचं, अशी स्पेनकडून आलेल्या आणि पूर्वेकडच्या ज्यूंची रीत. आमच्या आजीच्या तोंडी योम किप्पूर हा शब्द नव्हता. ती ‘दारफाळणीचा सण’ म्हणायची. कोकणातल्या गावांत त्या दिवशी आमची माणसं घराचं दार लावून घेत, पांढरे कपडे घालत, उपास करत आणि बाहेरच्या कुणाशी संबंध ठेवत नसत. हाईम सॅम्युएल केहिमकरांनी १८९७ साली लिहून पूर्ण केलेला आमच्या समाजाचा इतिहास चाळीस वर्षांनी, १९३७ साली, तेल अवीवमध्ये छापला गेला. त्यात हे सगळे जुने सण नोंदलेले आहेत: नव्याचा सण, खिरीचा सण, बिरड्याचा सण आणि दारफाळणी. हिब्रू ग्रंथ हाताशी नसताना ज्यांनी सण टिकवले, त्यांनी ते मराठीत टिकवले. हिब्रू प्रार्थना नीट शिकवायला कोचीनचे शिक्षक आले ते १९व्या शतकात.

नेइला साउंडवाल्याच्या कानाने ऐकण्यासारखी असते. पंचवीस तास पोटात अन्न नाही, पाणी नाही. सकाळपासून म्हणून म्हणून घसे बसलेले. अशा अवस्थेत ‘एल नोरा अलीला’ सुरू होतं आणि सगळी माणसं उठून, टाळ्यांच्या ठेक्यावर, जोरात गातात. रडवेपणा नसतो. आवाज फाटलेला असतो आणि कुणाला त्याची लाज वाटत नाही. मेटल गायकाला हाच फाटका आवाज वर्षानुवर्षं सराव करून काढावा लागतो. अश्दोदला राहणाऱ्या माझ्या आत्याला मी फोनवर ते गाणं ऐकवलं. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“शब्द स्वच्छ म्हणतोय रे मुलगा,” ती म्हणाली. “मधेमधे घसा कशाला खरवडतो?”

“आत्या, नेइलाला आजोबांचा आवाज आठव.”

“दिवसभर घोटभर पाणी नाही, आवाज बसणारच.” आणि मग थोडं थांबून, “चाल आपली नाही पण. इथे आमच्या गल्लीत मोरक्कोवाल्यांची वेगळी, येमेनींची वेगळी. आपली कुणी म्हणतच नाही आता.”

हे गीत लिहिणारा मोशे इब्न एझ्रा स्पेनमधल्या ग्रानाडाचा. जन्म १०५५च्या सुमाराचा, घराणं वजनदार. तरुणपणी त्याने मद्यावर, प्रेमावर, बागांवर भरपूर कविता केल्या, त्याही हिब्रूत; पण वृत्तं, यमकं आणि अलंकार अरबी काव्यातून घेतले होते. अंदलुसियातल्या ज्यू कवींची ती सगळी पिढीच तशी होती. पुढे त्याने काव्यशास्त्रावर ग्रंथ लिहिला तो अरबी भाषेत, हिब्रू लिपीत. अरबांची कविता इतकी चांगली का, याचा विचार त्यात आहे, आणि शेजाऱ्याकडून उसनं घेण्यात काही कमीपणा आहे असं त्याला कुठे वाटलेलं दिसत नाही. तत्त्वज्ञानावरचा त्याचा एक ग्रंथही अरबीतच आहे. १०९० साली उत्तर आफ्रिकेतून आलेल्या अल्मोराविदांनी ग्रानाडा घेतलं, तिथला ज्यू समाज विस्कटला आणि इब्न एझ्रा उत्तरेकडच्या ख्रिस्ती राज्यांत भटकत राहिला. ११३५ नंतर कधीतरी तो वारला. ग्रानाडाला परत गेला नाही.

त्याच्या नावावर क्षमायाचनेची इतकी गीतं आहेत की त्याला ‘हासल्लाह’, म्हणजे तसली गीतं रचणारा, असं बिरुद मिळालं. ‘एल नोरा अलीला’ त्यातलं सगळ्यात चाललेलं. कडवी आखूड, ध्रुवपद परत परत येणारं, कडव्यांच्या आद्याक्षरांत कवीने आपलं नाव गुंफलेलं. सामुदायिक गाण्याला हवं तेच सगळं. १४९२ साली स्पेनमधून ज्यूंना हाकललं गेलं, तेव्हा हे गीत त्यांच्याबरोबर मोरक्को, तुर्कस्तान, बगदाद अशा गावोगाव गेलं. शब्द सगळीकडे तेच राहिले. चाल मात्र जिथे बिऱ्हाड टाकलं तिथली.

येमेनच्या ज्यूंची गोष्ट यापुढची आहे आणि ‘माबूल’ कळायला तीही हवी. शालोम शबाझी, १७व्या शतकातला, व्यवसायाने विणकर. हिब्रू आणि अरबी या दोन भाषा तो एकाच कवितेत शेजारी शेजारी चालवतो. वाद्यांवर निर्बंध असल्यामुळे तिथल्या ज्यूंनी ठेका धरला तो पत्र्याच्या डब्यांवर आणि तांब्याच्या तबकांवर. (मेटलचा शोध कुठे लागला, असा वाद पुन्हा निघाला तर मी ही नोंद पुढे करणार आहे.) १९४९-५० मध्ये जवळपास पन्नास हजार येमेनी ज्यू विमानांनी इस्रायलला आणले गेले आणि तंबूंच्या, पत्र्यांच्या छावण्यांत राहिले. नव्या देशाची रुची युरोपातून आलेल्यांनी ठरवली होती. येमेनी, इराकी, मोरक्कन गाणं रेडिओवर क्वचित लागे, आणि लागलंच तर लोककलेच्या नावाखाली. मग १९७०च्या दशकात कॅसेट आली. तेल अवीवच्या जुन्या बसस्थानकाजवळच्या दुकानांतून ही गाणी विकली जाऊ लागली आणि झोहर अर्गोवसारखा येमेनी घरातला गायक रेडिओच्या कृपेवाचून घराघरांत पोचला. त्याच समाजातली ओफ्रा हाझा हिने १९८४ साली येमेनी गीतांचा अल्बम केला. त्यातलं शबाझीचं ‘इम निनआलू’ नव्या ठेक्यावर चढलं आणि १९८८ साली युरोपातल्या डिस्कोंत वाजलं. १७व्या शतकातली भक्तिकविता, आणि जर्मनीतली पोरं तिच्यावर नाचत होती.

‘ऑर्फन्ड लँड’ हा बँड या मातीतला आहे. पेताह तिक्वा हे तेल अवीवला खेटून असलेलं गाव. १८७८ साली जेरुसलेमच्या काही धार्मिक ज्यूंनी ती शेतकरी वसाहत म्हणून वसवली. आता ते दाट, गजबजलेलं शहर आहे. १९९१ साली तिथल्या काही पोरांनी बँड काढला. गायक कोबी फार्ही, गिटारवर योसी सासी आणि माती स्वातित्स्की, बेसवर उरी झेल्खा. आधीचं नाव होतं ‘रेझरेक्शन’, ते वर्षभरात बदललं. इस्रायलमध्ये तोवर ‘सेलम’सारखे एक-दोन मेटल बँड होते आणि त्यांचं गाणं स्कँडिनेव्हियाच्या आणि अमेरिकेच्या वळणाने चालायचं. जेरुसलेममध्ये १९९३ साली ‘मेलेखेश’ निघाला. अर्मेनियन आणि असिरियन वंशाच्या तरुणांचा हा बँड मेसोपोटेमियाच्या पुराणांवर गायचा. वर्तमानपत्रांनी त्यांच्यावर सैतानपूजेचा आळ घेतला आणि शेवटी ते युरोपात निघून गेले. कैरोत १९९७च्या जानेवारीत अशाच संशयावरून मेटल ऐकणारी डझनावारी पोरं पोलिसांनी घरांतून उचलली. केस वाढवून काळा टीशर्ट घालणं त्या मुलखात सगळ्याच धर्मांना सारखंच खुपत होतं. धर्मांच्या एकीचा हा पहिला ढळढळीत पुरावा म्हणायला हरकत नाही.

पहिला अल्बम ‘सहारा’ १९९४ सालचा. तो कच्चा आहे, पण त्यात पूर्वेचे सूर नुसते शोभेला लावलेले नाहीत, ते गाण्याच्या हाडात आहेत. दुसऱ्या अल्बमचं नाव, १९९६ साली, सरळ ‘एल नोरा अलीला’च ठेवलं. म्हणजे इब्न एझ्रा त्यांच्या डोक्यात तेव्हापासून होता. मग बँड बराच काळ थंडावला आणि तिसरा अल्बम यायला आठ वर्षं गेली. तेवढ्यात सप्टेंबर २००० मध्ये दुसरा इंतिफादा, म्हणजे पॅलेस्टिनींचा उठाव, पेटला होता. बसमध्ये, कॅफेत स्फोट होत होते, पलीकडे गाझात आणि वेस्ट बँकेत माणसं मरत होती. ‘माबूल’ त्या दिवसांत घडला आणि फेब्रुवारी २००४ मध्ये ‘सेंच्युरी मीडिया’ने काढला.

माबूल म्हणजे नोहाच्या काळचा महाप्रलय. बारा गाण्यांत एकच कथा आहे. तिन्ही धर्मांचे तीन पुत्र, त्यांची चिन्हं नाग, गरुड आणि सिंह. ते एकत्र येतात, पूर येणार म्हणून लोकांना बजावतात, लोक ऐकत नाहीत, मग तारू बांधलं जातं आणि पाणी चढतं. कथा म्हणून मला ती बाळबोध वाटते. तिघांपैकी कुणालाही आपल्याच धर्माबद्दल शंका येत नाही, आणि शंका न घेणारं तत्त्वज्ञान म्हणजे प्रवचन. पण कान वेगळंच सांगतात. चौथं गाणं ‘असाल्क’ येमेनी परंपरेतलं, श्लोमित लेवी गाते. तारू बांधण्याच्या गाण्यात लॅटिन समूहगान आहे, म्हणजे ख्रिस्ती चर्चचा आवाज. लगेच पुढे ‘नोरा एल नोरा’. तारवात शिरायची वेळ आणि नेइलाची वेळ त्यांनी एकावर एक ठेवली आहे. दोन्हीकडे दार मिटणार आहे आणि आत कोण, बाहेर कोण हे त्याच क्षणी ठरणार आहे. इतक्या नेमक्या जागी ही प्रार्थना बसवायला ती अंगात मुरलेली लागते. पुस्तकात शोधून हे जमत नाही. त्यानंतर पुराआधीची शांतता दाखवणारा निव्वळ वाद्यांचा तुकडा येतो, आणि मग महापूर.

आता थोडं माझ्या धंद्याचं. गिटारच्या पट्ट्या सप्तकाचे बारा सारखे तुकडे करतात. अरबी मकामांपैकी (मकाम म्हणजे आपल्या रागासारखी स्वररचना) रास्त, बयाती यांना लागणारे मधले स्वर त्या पट्ट्यांवर सापडतच नाहीत. ऊदला पट्ट्या नाहीत, सझच्या पट्ट्या मधल्या जागी बांधता येतात, म्हणून ती वाद्यं मोकळी. डिस्टॉर्शन चढवलेल्या दोन गिटारांबरोबर पाव स्वराचं अंतर वाजवलं तर ऐकणाऱ्याला वाद्य उतरलंय असंच वाटेल. यावर तोडगा हिजाज हा मकाम. त्याचे स्वर बारांत बऱ्यापैकी बसतात: सा, कोमल रे, शुद्ध ग, शुद्ध म. आपल्या भैरवाचं पूर्वांग हेच. वरच्या अंगात ध आणि नी कोमल घेतले की बसंत मुखारी होतो, आणि त्याला आपले गवई हिजाज भैरव म्हणतात ते उगाच नाही. शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्या मराठी माणसाला ‘माबूल’ पहिल्याच ऐकण्यात ओळखीचा वाटतो तो यामुळे. पुढे सासीने बुझुकी आणि इलेक्ट्रिक गिटार अशा दोन गळ्यांचं एक वाद्यच करून घेतलं.

अल्बम जिथे पोचला तिथली माणसं हा या गोष्टीतला सगळ्यात मोठा भाग, आणि तो कुणी ठरवून केलेला नव्हता. इजिप्त, जॉर्डन, सीरिया, लेबनॉनमध्ये इस्रायली सीडी दुकानात मिळायचा प्रश्नच नव्हता. पोरांनी इंटरनेटवरून उतरवून ऐकली. तुर्कस्तानात बँडला जाता येत होतं, तिथे त्यांचे कार्यक्रम होत गेले आणि शेजारच्या देशांतले ऐकणारे तिथे येत. २०११ साली फ्रान्सच्या ‘हेलफेस्ट’मध्ये एका लेबनीज नर्तकीने त्यांच्या मंचावर दोन्ही देशांचे झेंडे एकत्र धरले. त्यानंतर तिला धमक्या आल्या. बँडच्या वाट्याला कौतुक आलं, किंमत तिने मोजली, हे त्या प्रसंगाच्या छायाचित्राखाली कुणी लिहीत नाही. २०१३च्या शेवटी ‘खलास’ हा आक्कोचा पॅलेस्टिनी बँड त्यांच्याबरोबर युरोपभर फिरला, एकाच बसमधून. त्या दौऱ्याच्या बातम्या वाचून मला बसचं कौतुक कमी आणि साउंडवाल्याची दया जास्त आली.

त्याच वर्षीचा ‘ऑल इज वन’ मला आवडत नाही. मुखपृष्ठावर क्रॉस, चंद्रकोर आणि दाविदाचा तारा एकात एक गुंतवलेले. घसा खरवडणारा ग्रोल जवळजवळ हद्दपार, तुर्कस्तानातल्या वादकांची गोड तंतुवाद्यं, आणि सगळे एक असल्याचा घोष. सगळे एक आहेत, हे म्हणणं सोपं. आम्ही बेने इस्राएल ज्यूंच्याच देशात गेलो तेव्हा लग्नाच्या वेळी आमच्या लोकांच्या वंशावळी तपासायचं फर्मान निघालं होतं. जेरुसलेममध्ये धरणं धरावं लागलं. तेव्हा कुठे १९६४ साली आम्ही सर्वार्थाने ज्यू असल्याचं सरकारने जाहीर केलं. एका धर्माच्या आत एक व्हायला एवढा खटाटोप, तिथे तीन धर्मांचं काय घेऊन बसलात! २०१० सालच्या, स्टीव्हन विल्सनने मिक्स केलेल्या ‘द नेव्हर एंडिंग वे ऑफ ओआरवॉरिअर’मध्ये निदान झगडा तरी होता.

सासी २०१४ साली बाहेर पडला. २०१८ साली ‘अनसंग प्रॉफेट्स अँड डेड मसायाज’ आला आणि बँडला पुन्हा राग आला, हे बरं झालं. आधार प्लेटोच्या गुहेचा. साखळदंडातली माणसं भिंतीवरच्या सावल्यांना खरं मानतात. एक जण सुटतो, उजेड बघतो, परत येऊन सांगतो, आणि त्यालाच मारायला उठतात. तेल अवीवच्या चौकात १९९५ साली पंतप्रधान राबिन यांचा खून झाला तेव्हा जे विशीच्या आसपास होते, त्यांना ही गोष्ट ग्रीसची वाटली नसणार. विचार म्हणून हा त्यांचा सगळ्यात पक्का अल्बम. तरी गाणं म्हणून मी ‘माबूल’च लावतो.

शेजाऱ्याची चाल घेण्यात आमचे पूर्वजही मागे नव्हते. १९व्या शतकाच्या अखेरीस मुंबईत बेने इस्राएलांनी कीर्तनं रचली. उभं राहून, टाळ-तबल्याच्या साथीने, साकी, दिंडी, आर्या अशा वृत्तांत अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्यानं सांगायची. हरिदासाची सगळी घडण आमची झाली, आख्यान फक्त बदललं. इब्न एझ्राने अरबी वृत्तं घेतली, आम्ही दिंडी घेतली, फार्हीने डबल बेस ड्रम घेतला. या यादीत तो शेवटचा आहे, पहिला नाही. त्याचं मोठेपण मला त्यातच वाटतं.

आता आत्याच्या बोलण्याकडे येतो, कारण ते मला सोडत नाही. मोरक्को, येमेन, इराकच्या चाली जेरुसलेमच्या राष्ट्रीय ग्रंथालयातल्या ध्वनिसंग्रहात आहेत, यूट्यूबवर आहेत, मेटलच्या सीडीवरसुद्धा आहेत. भारतात आम्ही काही हजार उरलो. अलिबाग, पेण, पनवेल, ठाणे, मुंबई, पुणे इथल्या ज्यांना घरातल्या चालीवर नेइला येते, ती माणसं म्हातारी होत चालली आहेत. तुमच्या इमारतीत, ओळखीत असं कुणी ‘कर’ने संपणाऱ्या आडनावाचं बेने इस्राएल म्हातारं माणूस असेल, तर ‘एल नोरा अलीला’ म्हणून दाखवा म्हणावं आणि फोन पुढे धरावा. पंखा बंद करा, फोन तोंडापासून हातभर लांब ठेवा आणि मध्ये बोलू नका. बाकीचं रेकॉर्डिंग मी साफ करून देईन.